उमेदवारी : कारखान्यातील शिक्षण आणि कारखान्याची भरभराट



उद्योगव्यवसायातील कर्मचाऱ्यांचे शिक्षण आणि त्यासाठी लागणारे नेतृत्व, हा विषय या स्मृतिव्याख्यानासाठी मला सुचविण्यात आला. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाकडे हा विषय का यावा, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. कारखान्याचा ताळेबंद मी कधी मांडलेला नाही, हे खरेच. परंतु हा विषय मुळात शिकण्या-शिकविण्याचा आहे, आणि त्यात मी जन्म घालविला आहे. शिवाय ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखालून गेलेली कितीतरी मुले पुढे जिनात, संत्र्यांच्या वखारीत, मोटारदुरुस्तीच्या दुकानात आणि बोरगावच्या कारखान्यांत कामाला लागली. शाळेने निरोप दिल्यावर त्यांना कोणी शिकविले, की कोणीच शिकविले नाही, हा प्रश्न शाळेच्याच व्यासपीठावरून विचारला जाणे योग्य होय.

आरंभ शब्दापासून करतो. ती माझी सवय आहे. ‘प्रशिक्षण’ हा शब्द आज सर्वतोमुखी असला तरी तो तुलनेने नवा आणि कचेरीच्या भाषेतला आहे. तो उच्चारताच खुर्च्या, फळा, हजेरीपट आणि शेवटी मिळणारे प्रमाणपत्र डोळ्यांसमोर येते. आपल्या भाषेत या व्यवहाराला याहून जुने आणि अधिक अर्थगर्भ शब्द होते. मुलगा सुताराच्या ‘हाताखाली’ राहत असे. काही महिन्यांनी त्याचा ‘हात बसे’. काम ‘अंगवळणी’ पडे. पुढे तो ‘तरबेज’ होई. आणि या सगळ्या काळाला एक नाव होते : उमेदवारी. कचेरीत पुढेमागे जागा मिळेल या आशेवर बिनपगारी किंवा अल्प वेतनावर काम करीत शिकणारा तो उमेदवार. हा शब्द फारसीतून आला. ‘उमेद’ म्हणजे आशा. आज तो निवडणुकीच्या पत्रकांवर जाऊन बसला आहे, पण त्याच्या मूळ अर्थात आशा आणि शिक्षण ही दोन्ही एकत्र नांदत होती, हे विसरू नये. ही व्यवस्था निर्दोष होती असे मी म्हणत नाही. उमेदवाराची पिळवणूकही होत असे, आणि कोणाला कोणाच्या हाताखाली बसू द्यायचे हे बहुधा जातच ठरवीत असे. तरीही आपण आज ना उद्या कोणीतरी होणार, हे त्या नावातच लिहिलेले असे.

आता आपल्या भागाकडे पाहा. पांढुर्णा आणि सौंसर हा कापसाचा आणि संत्र्याचा मुलूख. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर आपण मध्य प्रदेशात राहिलो, भाषा मात्र घरी आणि बाजारात मराठीच राहिली. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात १९९० च्या दशकात रेमंडसारखी मोठी कापड गिरणी उभी राहिली, इतरही कारखाने आले. कामे आली. पण या कामांच्या जगात आपल्या मुलांना जे पहिले नाव मिळते ते ‘हेल्पर’ असे असते. माझे जुने विद्यार्थी भेटतात. एकाला विचारले, “काय करतोस?” तो म्हणाला, “सर, हेल्पर आहे.” सात वर्षांनी पुन्हा भेटला, पुन्हा विचारले; उत्तर तेच. कोणाचा हेल्पर, कशाचा हेल्पर, हे त्यालाही नीटसे सांगता येईना. तो ठेकेदाराकडून लागलेला होता. ठेकेदार बदलला की हजेरीचे कार्ड बदले, काम तेवढेच राही. उमेदवार आणि हेल्पर या दोन शब्दांमधील अंतर हाच माझ्या आजच्या विवेचनाचा गाभा आहे.

हा केवळ दयेचा प्रश्न नव्हे, धंद्याचाही आहे. आपल्या परिचयाच्या जिनाचेच उदाहरण घेऊ. दुहेरी रोलरच्या रेच्यात चामड्याच्या चकत्यांचे दोन रोलर फिरत असतात, त्यांना स्थिर सुऱ्या टेकलेल्या असतात, आणि मधली हलती सुरी सरकीला ठोसे देत रुईपासून वेगळी करीत जाते. सुरीचा दाब अधिक झाला तर रोलर तापतो, लवकर झिजतो आणि रुईची प्रत बिघडते. कमी झाला तर दिवसाचे काम घटते. मेळ चुकला की सरकी फुटते आणि तिचे कण रुईत मिसळतात. रोलरवरच्या खाचा बोथट झाल्या की त्या पुन्हा पाडाव्या लागतात, आणि त्या कधी पाडायच्या हे घड्याळ सांगत नाही. रेच्याचा आवाज आणि बाहेर पडणारी रुई सांगते. हा आवाज ओळखणारा माणूस एका जिनात बहुधा एकच असतो. तो लग्नाला गेला की जिन अडते. मालक त्याला दोष देतो. वस्तुतः त्याच्या शेजारी पाच वर्षे उभ्या असलेल्या चार जणांना तो आवाज कोणी ऐकविला नाही, ही खरी हानी असते, आणि ती कोणत्याच खातेवहीत लिहिली जात नाही.

संत्र्याच्या वखारीत फळे निवडणाऱ्या स्त्रियांचेही असेच. साल ढिली की घट्ट, फळ लांबच्या बाजारपेठेपर्यंत टिकेल की नागपूरलाच विकावे, हे त्यांचे बोट क्षणात ठरविते. या ज्ञानाला आपण कौशल्य म्हणत नाही, कारण ते रोजंदारीवर मिळते.

ज्यांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला त्यांची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. पहिले आपल्यापासून शंभरएक किलोमीटरवर नागपूरला घडले. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. राणी व्हिक्टोरियाने हिंदुस्थानची सम्राज्ञी ही पदवी धारण केल्याची घोषणा त्याच दिवशी झाली, त्यावरून गिरणीचे नाव पडले. कापसाच्या मुलखातच गिरणी काढावी, हा त्या काळी धाडसाचा विचार होता. पण त्याहून धाडसाची निवड माणसांची होती. व्यवस्थापक म्हणून जमशेटजींनी बेझनजी दादाभाई मेहता यांना आणले. ते रेल्वेच्या नोकरीतले. सूत आणि कापड यांच्याशी त्यांचा पूर्वसंबंध नव्हता. यंत्रविद्येची बाजू सांभाळण्यासाठी जेम्स ब्रुक्सबी हा जाणकार इंग्रज त्यांच्या जोडीला दिला. माणसाची पारख करून त्याला शिकण्याची जागा द्यायची, आणि ज्ञान ज्याच्याजवळ आहे त्याला त्याच्या शेजारी बसवायचे, अशी ही रचना होती. पहिली काही वर्षे गिरणीची स्थिती बेताचीच होती. सुरुवातीची यंत्रसामग्री चांगली नव्हती. पण शिकणारी माणसे हाताशी असल्यामुळे नवे काही करून पाहण्याची ताकद गिरणीत आली. १८८३ च्या सुमारास सूत काढण्याची ‘रिंग’ पद्धत एम्प्रेस मिलमध्ये चाचणीस घेतली गेली, तेव्हा खुद्द लँकेशायरचे गिरणीवाले तिच्याविषयी साशंक होते.

याच गिरणीत सुशिक्षित तरुणांना उमेदवार म्हणून घेऊन निरनिराळ्या खात्यांतून फिरविण्याची प्रथा पडली. एकाच खात्यात जन्म काढणाऱ्याला आपला धागा कोठून आला आणि कोठे जाणार हे दिसत नाही. कापूस पिंजणाऱ्याने एकदा मागावर तुटणारा धागा पाहिला, की आपल्या हातून राहिलेली कचर त्याला प्रथमच समजते. गैरहजेरी हे नागपूरच्या गिरणीचे मोठे दुखणे होते. त्यावर दंडाऐवजी बक्षिसे, १८८६ साली निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ साली अपघाताची भरपाई, असे उपाय योजले गेले. कायद्याने असे काही करावे लागण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. मात्र चित्र एकरंगी करू नये. गिरणी सुरू झाली त्या १८७७ सालीच तेथील कामगारांनी मजुरीच्या दरावरून संप केल्याची नोंद कामगार चळवळीच्या इतिहासांत आहे, आणि देशातील आरंभीच्या संपांत त्याची गणना होते. शिकविणे हा योग्य मजुरीला पर्याय नाही, दोन्ही लागतात. ज्यांना फक्त पहिले द्यायचे असते, ते सहसा फार मोठ्या आवाजात प्रशिक्षणाची थोरवी गातात.

दुसरे उदाहरण अधिक परिचित आहे, आणि मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला तर ते टाळताच येत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण काही रंग ओळखता येत नसल्याने तो मार्ग खुंटला आणि ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. हक्काची बढती दुसऱ्याला दिली गेली म्हणून ती नोकरी त्यांनी सोडली आणि बेळगावात सायकलींच्या व्यवसायात लक्ष घातले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आले आणि १९०३ साली लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचे निवडुंगाने भरलेले माळरान देऊ केले, आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली.

आता येथे मला जे महत्त्वाचे वाटते ते सांगतो. त्या माळावर पदवीधर अभियंते येणार नव्हते. पंचवीसएक कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन काम सुरू झाले. जे आले ते बहुतेक असे, की इतरत्र त्यांच्या नावापुढे ‘नापास’ हा शब्द लागलेला होता. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक यंत्रज्ञ झाले. शिक्षणात यश न आलेले के. के. कुलकर्णी व्यवस्थापनात मुरले. शंभूराव जांभेकरांनी यंत्रापासून औषधोपचारापर्यंत पडेल ते सांभाळले, मंगेशराव रेगे हिशेबाचे प्रमुख झाले, आणि लक्ष्मणरावांचे बंधू रामूअण्णा यांनी वसाहतीची घडी बसविली. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्या दोघांकडे रात्रीची रखवाली सोपविली गेली. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्यान्वये जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरविण्यास आरंभ केला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या विश्वासाची किंमत कळते.

पण विश्वास टाकला आणि माणसे घडली, इतके हे सोपे नाही. व्याख्यानांतून हा प्रसंग तसाच सांगितला जातो आणि त्यामुळे त्यातले शिकण्यासारखे निसटते. ओतकामाचे उदाहरण घेऊ. नांगराचे भाग ओतण्यासाठी ओल्या रेतीचा साचा करतात. रेती किती ओली हवी? मुठीत दाबून गोळा करायचा आणि तो मोडून पाहायचा. ओल जास्त असेल तर तापलेल्या रसाने वाफ होते आणि ओतीव भागात पोकळ्या राहतात. कमी असेल तर साचाच ढासळतो. हे पुस्तकात वाचून येत नाही, तसे नुसते पाहूनही येत नाही. शिकणाऱ्याने स्वतः मूठ दाबली पाहिजे, त्याच्या हातून काही भाग बिघडले पाहिजेत, आणि बिघडलेला भाग फोडून पोकळी कोठे व का राहिली हे जाणत्याने त्याला तेथल्या तेथे दाखविले पाहिजे. म्हणजेच शिकविण्याला लोखंड, कोळसा आणि वेळ यांचा खर्च येतो. तो मान्य करण्याचा अधिकार मुकादमाला नसतो, मालकाला असतो. नेतृत्व म्हणतात ते मला येथे दिसते : बिघडलेल्या मालाचा काही वाटा शिकवणीच्या खात्यात टाकण्याची तयारी. लक्ष्मणराव स्वतः शिक्षक होते आणि हत्यार हाती धरणारे होते. त्यामुळे कोणती चूक शिकताना झाली आणि कोणती हयगयीने, हे त्यांना कळू शकत होते. ज्याला काम येत नाही अशा वरिष्ठाला सर्व चुका सारख्याच दिसतात, आणि मग तो सरसकट दंड करतो किंवा सरसकट माफ करतो.

या शिक्षणाचे फळ मालाच्या यादीत दिसले. नांगरापाठोपाठ उसाचे चरक आणि शेंगा फोडण्याची यंत्रे आली. १९२० साली मर्यादित कंपनी स्थापन झाली. त्याच दशकात पंप आले. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव १९२६ साली अमेरिकेतून अभियांत्रिकीची पदवी घेऊन परतले, तेव्हा त्यांच्या विद्येला उभे राहण्यासाठी कसलेल्या हातांची पिढी तेथे तयार होती. नुसती पदवी माळावर आली असती तर तिचे काय झाले असते, याची कल्पना करून पाहावी.

आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे मालकांचे लक्ष सहसा जात नाही. आपल्याकडे म्हणतात की वस्ताद एक डाव राखून ठेवतो. तालमीतली ही रीत कारखान्यातही चालते. जाणता मिस्त्री शेवटची खुबी सांगत नाही. त्याला आपण कोत्या मनाचा म्हणतो, पण त्याचा हिशेब चुकीचा नसतो : शिकविलेला पोरगा कमी पगारात तेच काम करू लागला, तर आपली गरज काय उरली? जोवर मिस्त्रीची किंमत तो एकटाच जाणता असण्यावर ठरते, तोवर त्याला शिकविण्याचा उपदेश करणे व्यर्थ आहे. ‘तुझ्या हाताखालून तीन जण तयार झाले तर तुझी पायरी वाढेल, घटणार नाही,’ हे त्याला शब्दाने नव्हे तर पगाराने सांगावे लागते. (विद्यापीठांतही टिपणे लपवून ठेवणारे वस्ताद मी पाहिले आहेत, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.)

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेला हाच प्रश्न भेडसावला. कसलेले कामगार युद्धावर गेले आणि कारखान्यांत नवखे स्त्रीपुरुष आले. तेव्हा १९४० ते १९४५ या काळात तेथे एक राष्ट्रीय योजना राबविली गेली. तिचे वैशिष्ट्य असे, की तिने नवख्यांना नव्हे, तर मुकादमांना शिकविले. प्रत्येकी दोन तासांच्या पाच बैठका, एवढाच एका पाठाचा पसारा. त्यात सांगितलेली रीत शिक्षकाला ओळखीची वाटेल. आधी शिकणाऱ्याची भीती घालवावी आणि त्याला काय येते ते विचारावे. मग काम सावकाश करून दाखवावे, आणि प्रत्येक पायरीवर नेमके कोठे जपायचे व का, तेही सांगावे. मग त्याच्याकडून करवून घ्यावे, आणि करता करता त्याने कारणे आपल्या तोंडाने सांगावीत. शेवटी त्याला कामावर सोडून द्यावे, पण अडल्यास कोणाकडे जायचे ते सांगून ठेवावे आणि अधूनमधून पाहत राहावे. न आल्यास दोष शिकविणाऱ्याकडे, हे त्यातले गृहीत. युद्धानंतर ही पद्धत जपानमध्ये गेली आणि तेथील कारखान्यांत ती अधिक खोल रुजली. यात खर्चिक काहीच नाही. अवघड आहे ते एवढेच, की मुकादमाने ओरडण्याऐवजी कारण सांगायचे.

आपल्या भागातील एका मालकाशी यावर माझे बोलणे झाले. ते म्हणाले, “सर, शिकला की पोरगा नागपूर-पुण्याला जातो. मग मी कशाला शिकवू?” आक्षेप खरा आहे. त्याला मी एवढेच विचारले, की तुमचे न शिकविलेले हेल्पर किती वर्षे टिकतात? तेही जातात, किंबहुना अधिक लवकर जातात, कारण थांबून त्यांना काही व्हायचेच नसते. किर्लोस्करवाडीच्या माळावर माणसे राहिली ती केवळ मालकाच्या प्रेमाने नव्हे. तेथे राहायला घरे होती, वसाहतीची व्यवस्था होती, आणि शिकलेल्याला पुढची जागा मिळत होती. शिकवून जुन्याच हजेरीवर ठेवलेला मुलगा गेला, तर त्यात शिकविण्याचा दोष कोणता?

कायद्याची मदतही आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने ही जुनी संज्ञा कारखान्यात परत आणली. २०१९ च्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस माणसे असलेल्यांना ते ऐच्छिक आहे. म्हणजे आपली जिने आणि संत्र्यांच्या वखारीही यात येऊ शकतात. धोका एवढाच, की शिकाऊ उमेदवार हे स्वस्त हेल्परचे नवे नाव होऊन बसावे. तो झाडू मारतो आहे की रेच्याची सुरी बसवायला शिकतो आहे, हे पाहण्याचा अधिकार पालकांना आहे आणि शाळेलाही असावा.

शेवटचा मुद्दा भाषेचा, आणि तो माझ्या विषयाच्या कक्षेत येतो. १९२० साली किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. आपण तिच्याकडे पुढच्या ‘किर्लोस्कर’ मासिकाचे बीज म्हणून पाहतो, आणि १९३० च्या ‘स्त्री’शी व १९३४ च्या ‘मनोहर’शी तिचे नाते जोडतो. पण आरंभी ते एका कारखान्याचे पत्रक होते. यंत्रे आणि त्यांमागची माणसे यांविषयी ते साध्या मराठीत बोलत होते. यंत्राविषयी मराठीत विचार करता येतो, हे त्यातून वाचकांच्या मनावर ठसले. आपल्याकडच्या कारखान्यांत यंत्रावरची पाटी इंग्रजीत, मुकादमाचा हुकूम हिंदीत आणि काम करणाऱ्याचे मन मराठीत असते. हुकूम पाळण्याइतकी हिंदी आपल्या प्रत्येक मुलाला येते. कारण विचारण्याइतकी, शंका काढण्याइतकी मोकळीक मात्र माणसाला आपल्याच भाषेत वाटते, आणि शिकणे तर शंकेपासून सुरू होते. आपल्या शाळेतील वरच्या वर्गांच्या विद्यार्थ्यांनी सुटीत एखाद्या जिनातल्या जुन्या मिस्त्रीजवळ बसावे, रेच्याच्या प्रत्येक भागाला तो कोणता शब्द वापरतो, आवाज बदलला की काय तपासतो आणि कोणत्या क्रमाने, ते त्याच्याच शब्दांत उतरून घ्यावे, अशी माझी मुख्याध्यापकांना सूचना आहे. दोनशे पानी एक वही पुरेल. तिची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात राहावी आणि दुसरी जिनात, रेच्याजवळ, खिळ्याला टांगलेली.